रिकाम्या मैदानातलं भाषण

या अंकाच्या संपादकबाई मुलुंडला माझ्या लेकीच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, जन्मभर लाऊडस्पीकरचा धंदा केलात, त्यातल्या गमती लिहा." मी म्हटलं, बाई, माझं शिक्षण सातवी, तीही दोनदा. म्हणाल्या, चालेल, बोलता तसं लिहा. तर लिहितो. गमती आहेत. त्या आधी सांगून टाकतो. पुढे जे येईल त्यात गंमत नाही. दिवाळीत ते नको असेल त्यानं तिथंच पान उलटावं, मला राग नाही.

बसून लिहायची सवय नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, गॅलरीत जाऊन येतो. लेक म्हणते, "बाबा, किती फेऱ्या मारता! खालचे लोक वर येतील विचारायला." येऊ देत. शेवंता, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून माझं बूड एका जागी टेकत नाही.

आमचा गाळा दिंडोशीला होता. आत भोंगे, वायरींची भेंडोळी, माईकचे दांडे आणि मशीन. मशीन म्हणजे ज्याला बटणं असतात आणि जे आवाज मोठा करतं ते. बाकी धंदा सरळ. हळद, बारसं, सत्यनारायण, भीमजयंती, उरूस, नवरात्र, शोकसभा, निवडणूक. ज्याला मोठ्यानं बोलायचंय त्याचा आवाज आपण मोठा करायचा. काय बोलायचं ते त्याचं तो बघेल. असं मी पुष्कळ वर्षं म्हणायचो.

माईक समोर आला की माणूस बदलतो. कुणी तो कुल्फीसारखा तोंडात घालतो, कुणी साप धरल्यासारखा लांब धरतो. घरात बायकोपुढे तोंड न उघडणारे माईकवर वाघ होतात. आणि सगळ्यांत वाईट, बोलून झाल्यावर बटण बंद करत नाहीत. एका हळदीला नवरीच्या मामांनी आशीर्वाद दिला, माईक मांडीवर ठेवला आणि मामीला म्हणाले, "नवऱ्याचं टक्कल बघितलंस का? फोटोत केस होते गं." सगळं वऱ्हाड पंगतीत. नवऱ्याच्या बापाचा हात भातात तसाच राहिला. मी मशीनकडे उडी मारली, पण उशीर झाला होता. माईक बंद करता येतो, ऐकलेलं बंद करता येत नाही.

दुसरी गंमत इकोची. इको म्हणजे बोललेला शब्द मागून दोन-तीनदा घुमत येतो ते. मशीनवर त्याचं वेगळं बटण असतं. नवरात्रात महिषासुर ओरडतो तेव्हा द्यायचा, हळदीच्या गाण्यात द्यायचा. लोकांना फार आवडतो. आपलाच बारका आवाज डोंगरावरून आल्यासारखा परत येतो, कुणाला नाही आवडणार? आमच्याकडे एका गृहस्थाची शोकसभा होती. त्यांचे धाकटे भाऊ हळूच मशीनपाशी आले. म्हणाले, "मी 'दादा, तू कुठे गेलास' म्हणेन, तिथं जरा इको सोडा." मी म्हटलं, साहेब, शोकसभेला इको देत नाहीत. म्हणाले, "द्या हो, दादाला आवडायचा." दिला. दादा, दादा, दादा... मागच्या रांगेत दोघं तोंडावर रुमाल धरून हसत बाहेर गेली. त्यातली एक शेवंता.

आता शेवंताबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्याशिवाय कळणार नाही.

सभा संध्याकाळी असली की दुपारी मैदान रिकामं असताना आवाज घ्यायचा असतो. एकानं माईकवर बोलायचं, एकानं मैदानाच्या टोकाला उभं राहून शब्द स्वच्छ येतो का ते ऐकायचं. नुसता आवाज पोचून उपयोग नाही, शब्द पोचला पाहिजे. टोकाला कायम शेवंता. ऐकू आलं की ती हात वर करायची. नाही आलं तर कमरेवर हात ठेवून उभी राहायची, की मी भोंगा फिरवायचा. लग्न झालं तेव्हा ती जेवणाचा डबा घेऊन यायची, तिथून हे सुरू झालं. पुढे पुढे लोक म्हणायचे, बबनचं मशीन भाड्यानं मिळतं, पण कान घरचे आहेत. नातवंडं झाल्यावर मी म्हटलं, आता तू घरी बस. तर म्हणाली, "मी घरी बसले तर तुमचे भोंगे झाडाला भाषण देतील." खरं होतं ते.

आवाज घ्यायला वक्ता स्वतः कधी येत नाही. त्याचा कुणीतरी कार्यकर्ता येऊन 'हॅलो, वन टू थ्री' करून जातो. माझ्या सबंध धंद्यात एकच वक्ता स्वतः आला.

त्याचं नाव लिहीत नाही. कोर्टात केस आहे. कुठल्या संघटनेचा तेही लिहीत नाही, कारण तेवढं लिहिलं की निम्मे लोक पुढचं वाचायचे नाहीत आणि निम्मे न वाचताच मान हलवतील. पन्नाशीचा, टापटिपीचा माणूस. दुपारी उन्हात आला. बरोबर एक सोबती. खिशातून खडीसाखर काढून तोंडात टाकली, मला दिली. म्हणाला, "काका, घसा आपली रोजीरोटी आहे, काय?" बोलायला इतका गोड की मी खुर्ची पुसून दिली.

मग माईकसमोर उभा राहिला. समोर मैदान रिकामं. एक कुत्रं झोपलेलं आणि टोकाला शेवंता. त्यानं एक वाक्य म्हटलं.

ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. तुम्ही दिवाळी अंक घरात ठेवता, पोरंबाळं चाळतात. त्यात काय होतं तेवढं सांगतो. आमच्याच वस्तीत राहणाऱ्या मुसलमानांना त्यानं घरात होणाऱ्या एका किड्याचं नाव दिलं होतं. घरात किडा झाला की आपण काय करतो ते करा, असं होतं. आणि शेवटी पिल्लंसुद्धा ठेवू नका, असं होतं. पिल्लं म्हणजे कोण ते मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

हे तो ओरडून नाही बोलला. भाजीचा भाव विचारावा तसा बोलला. बोलून थांबला, खडीसाखर या गालातून त्या गालात केली आणि सोबत्याला म्हणाला, "हा किडा नको. तो दुसरा घेऊ. त्याची लोकांना जास्त किळस येते." मग दुसरा किडा घालून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सोबती म्हणाला, "हां, हे बसलं." मग तो माझ्याकडे वळला. "काका, शेवटच्या शब्दाला इको द्यायचा. मी तिथं थांबेन. लोक ओरडतील. ओरडू द्यायचं, घाई नाही. आणि तेव्हा आवाज खाली घेऊ नका." मग टोकाकडे बघून विचारलं, "मागं येतंय का नीट?"

शेवंतानं हात वर केला नाही. कमरेवरही ठेवला नाही. ती मैदान तुडवत सरळ मशीनपाशी आली.

"काय बोलतोय हा?"

"टेस्टिंग चालू आहे," मी म्हटलं.

"हे टेस्टिंग? पिल्लं ठेवू नका, हे टेस्टिंग?"

तो हसला. चष्मा पुसत म्हणाला, "वहिनी, भाषण आहे ते. भाषणात तिखट-मीठ लागतं. मनावर घेऊ नका."

"तिखट-मीठ घरी खा," शेवंता म्हणाली. "माझ्या दारात पाव देतो त्याला चार पोरं आहेत."

तो पाववाला म्हणजे युसूफ. आमच्या वसाहतीच्या मागं त्याची बेकरी होती. दर दिवाळीला आमच्याकडच्या बायका पीठ, तूप, साखर त्याच्याकडे नेऊन द्यायच्या आणि तो भट्टीत नानकटाई करून द्यायचा. शेवंता तिथं स्टूल टाकून बसायची, आपलं तूप दुसरीच्या पिठात जाऊ नये म्हणून. युसूफ म्हणायचा, "भाभी, पोलीस में भरती हो जाओ, मेरी बेकरी छोड़ो." ती म्हणायची, "तुझी बेकरीच आधी पकडते बघ."

तो वक्ता निघून गेल्यावर शेवंता म्हणाली, सामान उचला, घरी चला. मी म्हटलं, येडी का, संध्याकाळी हजार माणूस येणार, आवाज नसेल तर आपलाच मांडव फोडतील. तेही खरंच होतं. आमच्या धंद्यात तापलेल्या गर्दीचा आवाज कधी तोडत नाहीत. आवाज गेला की गर्दीला वाटतं कुणीतरी दगा केला, आणि मग पहिला हात पडतो मशीनवर, दुसरा मशीनवाल्यावर. मी तिला एवढंच म्हटलं, "इको देणार नाही."  ती सभेला मात्र थांबली, बायकांच्या मागं, त्याच टोकाला.

संध्याकाळी मैदान भरलं. तो बोलत बोलत त्या वाक्याशी आला. आता त्याचा आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं. दुपारी हा माणूस बघितला नसता तर मीसुद्धा म्हटलं असतं, बिचाऱ्याच्या आतून येतंय. शेवटचा शब्द म्हणून तो थांबला. मी बटणाला हात लावला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. एक क्षण, बस. मग तोच शब्द त्यानं स्वतःच पुन्हा म्हटला. पुन्हा म्हटला. तिसऱ्या वेळी लोकांनी म्हटला. मी आवाज हळूहळू उतरवत गेलो, गर्दीला कळणार नाही असा उतरवता येतो. पण आता भोंग्याची गरज कुणाला होती? मी दिला नाही तो इको मैदानानं दिला.

सभा संपल्यावर तो गाडीत बसून जेवायला गेला. लोक बेकरीकडे गेले. युसूफची बायको झुबेदा पोरांना घेऊन मागच्या मोरीच्या दारानं निघाली. युसूफ कारागिराला काढायला परत आत गेला. बाहेरून कुणीतरी कडी घातली. यापेक्षा जास्त लिहायला माझा हात चालत नाही.

कडी घालणारे, आग लावणारे पोरगे पकडले. आमच्याच वस्तीतले, त्यातल्या दोघांच्या हळदीला मी भोंगे लावले होते. पण त्यांना तिथं कुणी पाठवलं? तो तर जेवत होता. तो टीव्हीवर म्हणाला, "भावनेच्या भरात शब्द निघून गेला, त्याचा कुणी असा अर्थ घेईल हे स्वप्नातसुद्धा नव्हतं." मोबाईलवर भाषणाचा व्हिडिओ होताच. पण व्हिडिओत कापणारा आवाज होता आणि पाणावलेले डोळे होते. खडीसाखर नव्हती.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं, लपवून काय उपयोग. म्हटलं, मोठ्या लोकांच्या भानगडी. शेवंता चप्पल घालून उभी राहिली.

"कुठं चाललीस?"

"चौकीत."

"तुला काय करायचंय त्यात?"

"दुपारी त्या मैदानात कोण होतं? तो, त्याचा सोबती, तुम्ही, मी आणि कुत्रं. सोबती बोलणार नाही. कुत्र्याला बोलता येत नाही. तुमचं तुम्ही बघा."

मी मागून गेलो. दोघांचे जबाब झाले. पुढे मंडळांच्या ऑर्डरी बंद झाल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "काका, तुमचे भोंगे जुने झालेत," एवढंच. एकानं गाळ्याच्या शटरवर त्याच किड्याचं चित्र काढलं. शेवंतानं घासून काढलं आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "चित्रकला सुधारा म्हणावं, झुरळ आहे की भेंडी कळत नाही."

आता बघा, लिहायचं नव्हतं ते निघून गेलं. किड्याचं नाव आलं. राहू द्या. खोडायला लागलो तर अजून दिसेल.

केस दिंडोशी कोर्टात उभी राहिली. उभी राहिली म्हणजे उभीच राहिली. तारीख, तारीख, तारीख. कधी त्याचे वकील आजारी, कधी जज्जसाहेब बदलले. वर्षं गेली. सरकारी वकीलबाईंनी पहिल्यांदाच समजावलं होतं, "काका, तो भाषण नाकारत नाही. तो म्हणतो, उद्रेक होता, हेतू नव्हता. हेतू होता हे फक्त तुम्ही दोघं सांगू शकता. त्यानं दुपारी थंड डोक्यानं काय म्हटलं, कोणत्या शब्दात म्हटलं, तेच सगळं आहे."

कोणत्या शब्दात. हे शेवंताच्या डोक्यात बसलं. तारखेच्या आदल्या दिवशी, जेवण झालं की ती मला समोर बसवायची.

"म्हणा."

"अगं, पाठ आहे."

"म्हणा. दोन्ही. आधी पहिला किडा, मग दुसरा."

मी म्हणायचो. ती डोळे मिटून ऐकायची. "चुकलं. 'सुद्धा' मागाहून आहे. माझं ऐका." आणि ती म्हणायची. एकदा मी चिडलो. म्हटलं, एवढा नेमकेपणा कशाला, मतलब कळला म्हणजे झालं. तर म्हणाली, "नाही. त्याचा एक शब्द कमी नको, एक जास्त नको. त्याच्यावर खोटं घातलं तर तो आणि आपण सारखेच." लेक माहेरी आली की तिला दार लावून घ्यायला सांगायची, पोरांच्या कानावर नको म्हणून. असं प्रत्येक तारखेला. सणाला लोक घरात काय काय म्हणतात, आमच्याकडे हे.

मग तिची किडनी गेली. डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "म्हणून दाखवा." मी म्हटलं, इथं? शेजारच्या खाटेवर लोक आहेत. म्हणाली, "वाका, कानात म्हणा." मी तिच्या कानात म्हटलं. तिनं तोंडातल्या तोंडात माझ्याबरोबर म्हटलं. त्यानंतर पंधरवड्यात ती गेली. आमची साक्ष लागली ती तिच्या मागं.

वकीलबाईंना मी म्हटलं, तिचा चौकीतला जबाब आहे ना, तो वाचा. त्या म्हणाल्या, "काका, साक्षीदार गेला की तो जबाब पुरावा म्हणून चालत नाही. आता तुम्ही एकटे."

मुलुंडहून बस बदलत गेलो. कोर्टात तो पुढच्या बाकावर होता. म्हातारा झालाय, केस पांढरे. मला बघून नमस्कार केला. मी केला नाही. मागच्या बाकावर झुबेदा, थोरल्या मुलीबरोबर.

मी सगळं सांगितलं. रिकामं मैदान, खडीसाखर, किडा बदलला ते, इको कुठं द्यायचा ते. साहेब म्हणाले, "त्यांनी नेमकं काय वाक्य म्हटलं ते सांगा."

हा विचार मी कधी केलाच नव्हता. घरात इतक्यांदा म्हटलेलं वाक्य झुबेदासमोर म्हणावं लागेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, त्या बाईंना जरा बाहेर पाठवता का?"

साहेबांनी मागं बघितलं. झुबेदा उभी राहिली. "मैं बैठूंगी साहब. उस दिन मैंने आधा ही सुना था. मुझे पूरा सुनना है."

मी म्हटलं, पण आवाज फुटला नाही. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज मोठे केले आणि माझा घशात. साहेब म्हणाले, "मोठ्याने." पुन्हा म्हटलं. मग साहेबांनी ते टायपिस्टला सांगितलं, टायपिस्टनं टाईप केलं आणि वाचून दाखवलं. ज्यानं ते वाक्य बनवलं तो खाली बघत होता. आम्ही तिघं मात्र ते पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

मग त्याचे वकील उठले. उंच, हसरे.

"काका, शिक्षण किती?"

"सातवी."

"या वक्त्याला इको द्यायला नकार दिलात म्हणता. पण मशीन तुमचं, भोंगे तुमचे. मग आरोपी तुम्ही का नाही?"

"मला धरायचं तर धरा," मी म्हटलं. "पण मग त्यालाही शेजारी उभा करा. एकट्याला नका नेऊ."

कुणीतरी हसलं. वकील नाही हसले. "इतक्या वर्षांपूर्वीचं वाक्य तुम्हाला शब्दन् शब्द आठवतं?"

"हो."

"सहज आठवलं?"

"सहज कसं आठवेल? पाठ केलंय."

मी हे अभिमानानं बोललो बरं का. शाळेत पाठ केलं की मास्तर शाबासकी द्यायचे. वकीलबाईंनी डोळे मिटले तेव्हा मला कळलं, काहीतरी चुकलं.

"पाठ केलंय!" वकील साहेबांकडे वळले. "कुणी पाठ करून घेतलं?"

"बायकोनं."

"किती वेळा?"

"प्रत्येक तारखेला."

"म्हणजे हा पढवलेला साक्षीदार आहे, साहेब. व्हिडिओ बघायचा, घरी घोकंपट्टी करायची, आणि त्याला 'दुपार' जोडायची. झालं."

 म्हणजे शेवंतानं इतकी वर्षं जे केलं ते त्याच्याच कामी आलं? वाक्य खरं राहावं म्हणून आम्ही जपलं, आणि जपलं म्हणूनच ते खोटं ठरणार? मी कठड्याला धरलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि स्वतःच विचारलं, "पाठ कशाला केलंत?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तारखा देत होता. विसरलो असतो तर म्हणाला असता, साक्षीदाराला आठवत नाही. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असता तर हे वकीलसाहेब म्हणाले असते, खोटं बोलतो. मग आम्ही करायचं काय? आणि पहिला किडा व्हिडिओत नाही. तो फक्त दुपारी होता. तो कुठून पाठ करणार? तो आमच्या दोघांच्याच कानात होता. आता एकाच्या."

 साहेबांनी टायपिस्टला काहीतरी सांगितलं, इंग्रजीत. काय सांगितलं ते मला कळलं नाही. वकीलबाई नंतर म्हणाल्या, धरूही शकतात, सोडूही शकतात. "पाठ" हा शब्द वाईट लागलाय. निकाल अजून नाही.

बाहेर जिन्यात झुबेदा थांबली होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "भाईसाब, भाभी होतीं तो इतना धीरे नहीं बोलतीं." मी म्हटलं, नहीं बोलती. तिच्या मुलीनं माझा हात धरून मला खाली उतरवलं.

वकीलबाई मागून आल्या. त्यांना वाईट वाटत असावं. म्हणाल्या, "काका, तुमचं काम झालं. आता ते वाक्य विसरलात तरी चालेल."

तेव्हापासून मी विसरायला बसतो आणि उठतो. तेच या फेऱ्यांचं कारण आहे, लेकीला सांगितलेलं नाही. शेवंतानं आयुष्यभर मला किती काय काय म्हटलं असेल. शिव्या घातल्या, हाका मारल्या, लेकीच्या लग्नात माझ्या छातीला डोकं लावून काहीतरी म्हणाली होती. आठवायला जातो तर शब्द मिळतात, आवाज मिळत नाही. तिचा आवाज जसाच्या तसा एकाच ठिकाणी शिल्लक आहे. त्या वाक्यात. 'सुद्धा' मागाहून असलेल्या त्या वाक्यात, कारण तेवढंच मी तिच्या तोंडून इतक्यांदा, इतकं कान देऊन ऐकलं. बायकोला आठवायचं म्हटलं की माझ्या कानात ती म्हणते, पिल्लंसुद्धा ठेवू नका.

मी वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, युसूफच्या मरणाचं कलम आहे, बेकरीचं आहे, चिथावणीचं आहे. त्यानं माझ्या घरात शिरून हे केलं, त्याला कुठलं कलम लागतं?  त्या म्हणाल्या, काका, जेवलात का?

निकाल लागायचा तो लागेल. तो आत जावा असं मला वाटतं, लपवत नाही. पण तो आत गेला तरी माझी बायको त्या वाक्यातून बाहेर येत नाही, आणि तिला बाहेर काढायचा अर्ज कुठं करायचा असतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.